जुवाविरुद्ध तक्रार

आमच्या चाळीच्या तोंडाशी एक बैलगाडी उभी असायची आणि येणारे-जाणारे लोक तिच्या जुवाला हात लावून तो हात कपाळाला टेकवायचे. मी गिरगावातून लग्न होऊन लालबागला आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू फुटलं. नंदीला नमस्कार करणारी माणसं मी पाहिली होती. पण जिवंत बैल शेजारी रवंथ करत उभे असताना त्यांच्या मानेवरच्या लाकडाच्या पाया पडायचं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. माझ्या सासूबाईंनी ते हसू बरोबर टिपलं. त्यांना घरात आत्याबाई म्हणायची पद्धत होती. त्या म्हणाल्या, "हसू नको गं पोरी. तुझं कुंकू त्या लाकडानं राखलंय."

त्याची हकीकत अशी. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं ते दिवस. आमचा साखरपुडा झाला होता, लग्न व्हायचं होतं. त्या हिवाळ्यात गोळीबार झाला आणि एक गोळी ह्यांच्या मांडीत शिरली. हे गिरणीत साच्यावर काम करायचे, मोर्चात पुढे असायचे. नाक्यावर ह्यांच्यासारखेच आणखी काही जण पडले होते आणि त्यांना उचलायला कुठलीही मोटार येऊ शकत नव्हती. आली ती गाडीवाल्या मामांची बैलगाडी. मामा गिरण्यांना कापसाच्या गाठी पोचवायचे आणि त्या दिवशी रिकामे परतत होते. त्यांनी जखमींना गाडीत आडवं केलं आणि बैलांना हाक दिली. जन्मात कधी घाई न केलेले ते दोन बैल, एक पांढरा आणि एक तांबडा, भर रस्त्यातून इस्पितळापर्यंत पळत गेले. वाटेत लोकांनीच रचून ठेवलेल्या दगडांवर चाक आदळलं आणि पांढऱ्याच्या बाजूला जू तडकलं. मामांनी डोक्याचं मुंडासं सोडून त्यावर आवळलं आणि गाडी तशीच हाकली. ह्यांचा पाय जरा आखूड झाला, पण जीव वाचला.

पुढे मामांनी लोहाराकडून त्या तड्यावर लोखंडी पट्टी मारून घेतली. नवीन जू घ्यायचं म्हटलं तर घेता आलं असतं, पण आता ते साधं लाकूड राहिलं नव्हतं. लोक त्याला 'त्या दिवसाचं जू' म्हणायचे. सभा असली की त्याला झेंडूचा हार पडायचा, पट्टीवर गुलाल लागायचा. मोर्चा निघाला की गाडी पुढे. मामा मुळात अबोल, एकटे माणूस. बायको गावी वारली होती, मूलबाळ नव्हतं. बैलांच्या शेजारीच, जिन्याखालच्या जागेत राहायचे. त्या जुवामुळे त्यांना पहिल्यांदाच कुणी ओळखायला लागलं होतं. हार पडला की ते बाजूला उभे राहून नुसते लाजायचे.

मला त्या बैलांची भयंकर भीती वाटायची. गिरगावात आमच्याकडे पोळ्याला मातीचे बैल आणून पाटावर ठेवत, त्यामुळे बैल म्हणजे तळहातावर मावणारी वस्तू असा माझा समज होता. आणि इथे नळावर जायचं तर ह्या दोन टेकड्यांना वळसा घालून जावं लागे. मी भिंतीला चिकटून जायची. एकदा पांढऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि एक लांब श्वास सोडला. तो उबदार वारा माझ्या मनगटावरून गेला आणि मी बादलीसकट तिथेच उभी राहिले. एवढं मोठं अंग, एवढी ताकद, आणि माझ्याशी काही म्हणजे काही भांडण नाही. त्यानंतर मी भिंतीला चिकटणं सोडलं. भीती गेली नव्हती, पण तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलं होतं.

श्रावण संपत आला. महाराष्ट्र-गुजरात मिळून एकच द्विभाषिक राज्य, अशी घोषणा झालेली, गिरणगाव धुमसत होतं, गल्लीच्या टोकाला पोलीस बसलेले. खाकी कपडा गल्लीत शिरला की बायका गॅलरीतून थाळ्या बडवायच्या, म्हणजे ज्याला पळायचं तो पळे. पोलिसाशी बोलणारा माणूस म्हणजे खबऱ्या, असा साधा हिशेब होता. एका भाडेकरूने पोलिसाला विडी पेटवायला काडी दिली म्हणून चाळीने त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं. मला ते जरा अतीच वाटलं होतं, पण ज्यांच्या घरात गोळी शिरली त्या घरात मी नांदत होते, त्यामुळे मी तोंड उघडलं नाही.

अशा वातावरणात पोळा आला. आत्याबाईंचं माहेर घाटावरचं, घरी बैलजोड्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिकडे खांदमळणी करतात. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे आंबलेले असतात, म्हणून लोणी आणि हळद लावून ते चोळायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून आत्याबाईंना हे करायला मिळालं नव्हतं. त्या वर्षी मात्र त्यांनी ठरवलं. ज्यांनी लेकाला वाचवलं त्यांचे खांदे मी मळणार, म्हणाल्या. मामांना केवढा आनंद झाला. त्यांनी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला.

दिवेलागणीच्या आधी आम्ही खाली उतरलो. माझ्या हातात ताट, त्यात लोण्याचा गोळा, हळद, निरांजन. चाळीतल्या चार बायकाही आल्या. आत्याबाईंनी आधी तांबड्याला घेतलं. दोन्ही हातांनी त्याची मान अशी चोळली की त्याचे डोळे मिटायला लागले. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या. तांबड्याने कान हलवला. बायका हसल्या.

मग पांढरा. गाडीच्या बैलाच्या मानेवर जिथे जू बसतं तिथे काळा पट्टा पडलेलाच असतो. घासून घासून केस जातात, वंगण लागतं. पांढऱ्याचा पट्टा जरा जास्त काळा होता, पण पांढऱ्या अंगावर काळं उठून दिसणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. आत्याबाईंनी लोण्याचा हात त्यावर ठेवला मात्र, आणि बैलाच्या अंगावरून एक थरथर निघाली ती पार शेपटीपर्यंत गेली. तो मागे सरला नाही. त्याने शिंग उगारलं नाही. पाय मात्र जमिनीत रोवले आणि डोकं खाली घातलं.

आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी तो अलगद फिरवायला सुरुवात केली. लोण्याबरोबर वंगणाचा थर सुटायला लागला. हळदीचा पिवळा रंग काळा झाला, मग तांबूस. एक वास आला आणि शेजारची बाई नाकाला पदर लावून मागे झाली. वंगणाखाली तळहाताएवढी जखम होती, कडा सुजलेल्या, आत पू. मी ताट धरून तशीच उभी होते.

आत्याबाईंनी मला ताट खाली ठेवून कोमट पाणी आणायला सांगितलं. मी आणलं. त्या जखमेच्या कडेकडेने फडक्याने पुसत राहिल्या, आणि मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. तो एवढा प्रचंड प्राणी, नुसती मान झटकली असती तर आत्याबाई भिंतीवर आपटल्या असत्या. त्याने आपली हनुवटी हळूच त्यांच्या खांद्यावर टेकवली. भार टाकला नाही, टेकवली फक्त. आणि त्या पुसत होत्या तोवर तो तसाच उभा राहिला. मला देवळात जे कधी झालं नाही ते त्या जिन्यापाशी झालं. हात आपोआप जोडले गेले.

लोक जनावराला मुकं म्हणतात तेव्हा मला राग येतो. मुकं कुठलं? तो बैल महिनोन्‌महिने सगळं सांगत होता. जू उचललं की तो पाय रोवायचा, आम्ही म्हणायचो हट्टी आहे. चालताना डोकं एका अंगाला झुकवायचा, आम्ही म्हणायचो ऐटबाज आहे. वैरण अर्धी टाकायचा. त्याच्याच मानेवर माश्या बसायच्या, तांबड्याच्या नाही. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही हार घालण्यात गुंतलो होतो.

जखम कशाची हे आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी शोधून काढलं. भिंतीला टेकवलेल्या जुवाखाली त्यांनी बोटं फिरवली. वरून गुलालाने माखलेली ती पट्टी खालच्या बाजूला उचकटली होती आणि तिच्या खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. नमस्कार करणाऱ्यांचा हात वरच्या बाजूला लागायचा. खालची बाजू फक्त बैलाला ठाऊक होती.

"दादा, हे काय?" आत्याबाईंनी मामांना विचारलं.

मामांची मान खाली गेली. "वंगण लावतो की, आक्का. रोज लावतो. गाडीच्या बैलाला असतंच ते."

"दुसरं जू घ्या."

"हे कसं टाकू? लोक पाया पडतात त्याच्या." मग अगदी हळू म्हणाले, "हे गेलं तर मला कोण विचारतंय?"

आत्याबाईंनी त्यांना परोपरीने समजावलं. निदान जखम भरेस्तोवर पांढऱ्याला जुंपू नका, त्याला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. मामा हो हो म्हणत राहिले. त्यांना खरं काय वाटत होतं ते त्यांनी नंतर सांगितलं. दवाखान्यात गेलं की विचारपूस होणार, नाव-गाव लिहून घेणार, आणि जखमींना पोचवणारा गाडीवान हाच, हे सरकारदरबारी कळणार. ती भीती काही खोटी नव्हती. पोळ्याला बैलांनी पुरणाची पोळी खाल्ली आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी जखमेवर नवं वंगण थापून पांढऱ्याला परत जुंपलं. वरच्या गॅलरीतून आत्याबाई ते बघत होत्या. गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

त्या दिवशी जेवताना त्यांनी ह्यांना सांगितलं, "मी परळला जाऊन तक्रार देते."

ह्यांचा घास हातात राहिला. जनावरांना कुणी जाच करू नये म्हणून काम करणारी एक संस्था तिथे होती आणि तिची माणसं खाकी कपड्यांत फिरत, दंड करत, प्रकरण पोलिसांकडे देत. हे म्हणाले, "आई, ज्या माणसानं मला उचललं त्याला तू पकडून देणार? उद्या त्याला आत टाकला म्हणजे?"

"मग बैलाला कुणी उचलायचं?"

"त्यापेक्षा मी मामांशी बोलतो."

"बोलून झालं. वंगण थापलं त्यानं." त्या ताटावरून उठल्या. "तुला त्यानं एकट्यानं नाही आणला. ओढत कोण होतं?"

त्यानंतर हे आईशी बोलेनात. मला कळत होतं त्यांचं. चाळीत तोंड दाखवायचं होतं, मामांच्या डोळ्याला डोळा द्यायचा होता. मायलेकांमध्ये मी भाकऱ्या थापत बसले आणि माझ्या मनात येत होतं की आत्याबाईंनी हा हट्ट सोडावा. वाईट दोन्हीकडून होणार होतं आणि मला साधं सुखाने नांदायचं होतं.

पण मला त्यांच्याबरोबर जावं लागलं, कारण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आम्ही चालत गेलो. संस्थेच्या कचेरीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते, खाकी सदरा, जाड चष्मा. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि काय पाहिलं ते विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं. जखम केवढी, कुठे, कधीपासून असावी, वास कसला, बैल खातो किती, चालतो कसा. खिळ्याचं टोकही सांगितलं. गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच एखादा प्रश्न विचारत होते. मग त्यांनी लेखणी उचलली.

"तक्रार कुणाविरुद्ध लिहू?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. पदराचं टोक त्यांच्या बोटांत पिळलं जात होतं.

"जुवाविरुद्ध," त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, लाकडाला कसं धरायचं? मालक असेल ना कुणी."

"मालक चांगला माणूस हाय. बैलावर हात उगारत नाही. चुकतोय, पण वाईट नाही." त्या थांबल्या. "ते जू माझ्या लेकापायी मोडलं साहेब. म्हणून पट्टी मारली. तवा नाव लिहायचंच असलं तर माझं लिहा. जखम माझ्यामुळं झालीय."

मी अशा बाईच्या घरात आले आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. चार महिने मी त्यांना कडक सासू म्हणून वचकून होते, माझ्या भाकरीच्या कडा तपासायच्या त्यांच्या सवयीला मनातल्या मनात नावं ठेवत होते. आणि त्या लाकडी खुर्चीवर अंग चोरून बसलेली ही बाई एकाच वाक्यात बैलाची बाजू घेत होती, गाडीवानाला सांभाळत होती आणि दोष स्वतःवर घेत होती. गृहस्थांनी लेखणी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी स्वतः येतो."

ते आले, आणि घोटाळा झाला.

त्यांचा खाकी सदरा गल्लीत शिरताना दिसला आणि पहिली थाळी वाजली. मग दुसरी. बघता बघता सगळी चाळ थाळ्या, पातेली, घमेली बडवायला लागली. दारं धडाधड लागली. मामा गाडीपाशी बैलांना पाणी दाखवत होते. चार पोरांनी त्यांना धरून जिन्याने वर ओढत नेलं आणि एका खोलीत लपवलं. गल्ली ओस पडली. उरले फक्त दोन बैल, ते जू, आणि खांद्याला पिशवी अडकवलेला तो म्हातारा. वरून कुणीतरी चप्पल भिरकावली, ती त्यांच्या पाठीत लागली.

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सरळ पांढऱ्यापाशी गेले, टोपी काढून काखेत धरली, आणि बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. किती तरी वेळ नुसते उभे राहिले. थाळ्या एकेक करून मंदावल्या. असला पोलीस कुणी पाहिला नव्हता. त्यांनी पिशवीतून बाटली आणि कापूस काढला आणि वंगण पुसायला सुरुवात केली. आवाज थांबला. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या आणि सगळी माणसं एका बैलाच्या मानेकडे बघत होती. काळ्याखालून लाल निघालं तसा वरून एक सुस्कारा आला, सगळ्या चाळीचा मिळून एक.

मग ते म्हणाले, "बैल दवाखान्यात न्यावा लागेल. आणि हे जू मी घेऊन जाणार."

बैलाबद्दल कुणी काही बोललं नसतं. जुवाचं नाव निघताच माणसं जिन्यावरून धावत खाली आली. "जुवाला हात लावायचा नाय," एकजण म्हणाला. दोघे-तिघे आडवे उभे राहिले. कुणीतरी विचारलं, "ह्यांना बोलावलं कुणी?"

आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली दिली, जणू आता परत घरी यायला मिळणारच नाही, आणि त्या जिना उतरून गेल्या. "मी बोलावलं," त्या म्हणाल्या.

कुणी ओरडलं नाही. त्यापेक्षा वाईट झालं. लोक त्यांच्यापासून एकेक पाऊल मागे सरले. ज्या बायकांबरोबर त्यांनी जन्मभर पाणी भरलं त्या बायकांनी तोंड फिरवलं. एवढ्या दाटीच्या गल्लीत त्यांच्याभोवती रिकामी जागा झाली. मी किल्ली मुठीत धरून वरूनच बघत होते.

तेव्हा जिन्यावर तो लंगडा पाय वाजला. हे खाली उतरत होते.

हे आईकडे न बघता पुढे गेले. जुवापाशी वाकले, त्यावरचा हार काढून बाजूला ठेवला, आणि पट्टीच्या बाजूने ते जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मामा एव्हाना खोलीतून बाहेर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभे होते. हे त्यांना म्हणाले, "मामा, जरा वरून दाबा."

मामा नको म्हणाले. ह्यांनी परत सांगितलं. मामांनी हात ठेवला, अगदी हलका. ह्यांचा सदरा खांद्यावर फाटला आणि लाल ठिपका दिसला, तो पसरला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मामांनी हात असा काढून घेतला की जणू विस्तवाला लागला.

"एवढ्यानं असं होतंय," हे म्हणाले. "त्यानं गाठी ओढल्या."

मामा पांढऱ्याच्या पायाशी बसले आणि त्याच्या गुडघ्याला कपाळ लावून रडायला लागले. वयस्कर पुरुषाचं रडणं बघवत नाही. त्या गृहस्थांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मामांचं नाव त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. जू कुणीतरी आपणहून उचलून त्यांच्या हवाली केलं. कोणी, ते मला गर्दीत दिसलं नाही.

बैलाला दवाखान्यात न्यायला हे निघाले. "त्या दिवशी मी त्याच्या मागं आडवा पडून गेलो," मामांना म्हणाले, "आज त्याच्याबरोबर चालत जातो." कासरा मामांच्या हातात, एका बाजूला हे लंगडत, आणि मागे हळूहळू सगळी गल्ली. घोषणा नाही, झेंडा नाही. टोकाला बसलेले पोलीस उठून उभे राहिले, कारण एवढा मोठा जमाव इतका गप्प त्यांनी कधी पाहिला नसावा. आत्याबाई शेवटी होत्या. थोड्या वेळाने पाहिलं तर एका शेजारणीने त्यांचा हात धरला होता. मी किल्ली पदराला बांधली आणि त्यांना गाठायला धावले.

पांढरा बरेच दिवस दवाखान्यात होता. जखम खोल होती आणि एकदा तर तो वाचत नाही असंही वाटलं. गाडी बंद होती, तेव्हा मामांचं जेवण चाळीतल्या घरांनी आळीपाळीने वाटून घेतलं. आमच्याकडे ते जेवायला यायचे तेव्हा आत्याबाईंच्या आणि त्यांच्या गप्पा बैलांच्याच. ते पूर्वीसारखेच लाजायचे, पण आता लोक त्यांना विचारायचे, रोज विचारायचे, बैल कसा आहे म्हणून.

तो परत आला तेव्हा मानेवर कातडी गुलाबी होती आणि तिच्यावर बारीक पांढरे केस उगवत होते. नवीन जू तयार होतं. सुताराने ते तासून तासून असं गुळगुळीत केलं होतं की त्यावरून तान्ह्याचा गाल फिरवावा. पांढऱ्याच्या बाजूला आत्याबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची जाड गादी शिवून बसवली होती. दवाखान्याने जुंपायला परवानगी दिली त्या सकाळी गॅलऱ्या परत भरल्या. मामांनी जू उचललं, आणि त्यांना पुढे होववेना. दोन्ही हातांत ते तोलून धरून नुसते उभे राहिले. मला वाटलं, पांढरा आता पाय रोवणार, आणि त्याने रोवले तर बरंच होईल, असंही वाटलं.

पांढऱ्याने मामांकडे पाहिलं. मग तो एक पाऊल पुढे आला, डोकं खाली घातलं आणि आपणहून मान जुवाखाली दिली.

वरून टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. मग शेजारी बघितलं तर आत्याबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. लेकाला गोळी लागली त्या दिवशी ही बाई रडली नव्हती, असं सगळे सांगायचे. मी म्हटलं, "आता कशाला रडता आत्याबाई? नवं जू आहे, गादी आहे. त्याला काही दुखायचं नाही."

"आपल्याला ठावं हाय गं ते," त्या म्हणाल्या. "त्याला कुठं ठावं होतं?"